बटाटे सोलणाऱ्याचा नातू

शनिवार, १ ऑक्टोबर २००५

आणि वर मला म्हणतो, "सोलण्यात कमीपणा कसला, मॅनस? बोगदा खणणाऱ्यांनाही भूक लागतेच की!"

ही टर्लो शार्कीची जुनी खोड. आधी चिमटा काढायचा, मग फुंकर घालायची, आणि फुंकर घालता घालता दुसरा चिमटा. सव्वा वर्ष झालं, मी ह्या प्राण्याबरोबर ग्लासगोत एका खोलीत राहतोय, एकाच साइटवर काँक्रीट ओततोय. त्याचं घोरणं मी सहन करतो. त्याचे मोजेही. पण माझ्या आजोबांवर घसरला की माझं टाळकं सटकतं. ते त्याला ठाऊक आहे, म्हणूनच तो घसरतो.

भांडण आम्हा दोघांच्या जन्माआधीचं आहे. आमचं मीनाडूअन गाव डोनेगल परगण्याच्या टोकाला, पुढे नुसता समुद्र. गावातले निम्मे पुरुष कायम इकडे स्कॉटलंडात. १९५३ साली त्याचे आजोबा कॉन्डी शार्की आणि माझ्या आईचे वडील ओनी बॉनर एकाच आठवड्यात घरून निघाले. ग्लेन ओर्विनला किनवुड कंपनी डोंगरातून पाण्याचा बोगदा काढत होती. कॉन्डींनी बोगदा खणला. ओनींनी कँपच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. दर शनिवारी पबमध्ये कॉन्डी उभे राहणार, कडक इस्त्रीच्या शर्टावरून गेलेल्या गॅलसच्या पट्ट्यांमध्ये दोन्ही अंगठे अडकवणार, आणि सुरुंग कसा फुटला, पाणी कसं आलं, सगळं सांगणार. शेवट ठरलेला: "आणि आमचा ओनी वर बसून बटाटे सोलत होता!" मग अख्खा पब हसणार. कोपऱ्यात बसलेले आजोबाही हसायचे. कधी हो म्हणाले नाहीत, कधी नाही म्हणाले नाहीत.

पण मला एक गोष्ट माहीत आहे. मी नऊ वर्षांचा होतो, आजोबांबरोबर माळावर जळणासाठी मातीच्या ढेपा कापायला गेलो होतो. तेव्हा ते आपणहून म्हणाले, "बोगद्यात दिवा विझला ना मॅनस, की आपलाच हात तोंडाला लागतो तरी दुसऱ्या कुणाचा वाटतो." मी म्हटलं, पुढे? ते म्हणाले, "पुढे काय, चहा ओत."

वर बसून बटाटे सोलणाऱ्याला हे कुठून कळणार? तेरा वर्षं मी हे धरून बसलोय. आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली.

आज डोनेगलहून बोटीनं समुद्र ओलांडून येणाऱ्या बसबरोबर गावाकडचं वर्तमानपत्र आलं आणि भांडणाला नवीन पालवी फुटली. बोगद्याला पन्नास वर्षं झाली म्हणून कंपनी त्याच्या तोंडाशी दगड बसवणार आहे. आत काम केलेल्या प्रत्येक माणसाचं नाव त्यावर कोरणार. नावं फक्त कंपनीच्या जुन्या रजिस्टरांवरून घेणार, आणि यादी एकवीस तारखेला संध्याकाळी पाचला बंद. बारा नोव्हेंबरला फीत कापायला पाहुणे कोण? कॉन्डी शार्की. आतल्या पानावर त्यांचा हा एवढा मोठा फोटो.

टर्लोनं तो फोटो मला तीन वेळा दाखवला. म्हणाला, "स्वयंपाकघराचा दगड बसवतील तेव्हा तुला कळवतो हं."

मी म्हटलं, "माझ्या आजोबांचं नाव त्या रजिस्टरात आहे. मी शोधून दाखवतो."

"तू? दहा मिनिटांत एक पान वाचणारा तू?"

"लाव पैज."

पैज लागली. नाव सापडलं तर अख्खा हिवाळा टर्लो बटाटे सोलणार. नाही सापडलं तर मी. ही वही त्याच तिरीमिरीत घेतली. सगळं टिपून ठेवणार आहे.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

कंपनीचं जुन्या कागदांचं दफ्तर इथंच ग्लासगोत, नदीजवळ आहे. गुरुवारी संध्याकाळी सातपर्यंत उघडं असतं. साइटवरून थेट गेलो. दारातच एका बाईंनी अडवलं. इश्बेल रँकिन. साठीच्या असतील, चष्मा दोरीला टांगलेला, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. मी आपोआप टोपी काढली.

"बूट," त्या म्हणाल्या.

"काय झालं बुटांना?"

"त्यांच्यावर अर्धा ग्लासगो चिकटलाय. बाहेर काढा. पेन आत न्यायचं नाही, ही पेन्सिल घ्या. चहा आणायचा नाही, आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावलीत तर मी पोलिसांना बोलावीन."

बूट काढले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. त्यांनी पाहिलं, मीही पाहिलं.

त्यांनी चार रजिस्टरं आणून ठेवली. एकेक एवढं जाड की गावातल्या चर्चचं दार उघडं ठेवायला पुरेल. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली, आणि त्याआधीही शाळेनं मला अर्धं सोडलंच होतं. त्यात हे तिरकं, गिचमिड अक्षर. पण पाच बॉनर सापडले! ह्यू, डॅन, दुसरा डॅन, जॉन, आणि एक नुसताच बॉनर. ओनी नाही.

मग मी धीर करून स्वयंपाकघराचं रजिस्टर मागितलं. शेवटपर्यंत वाचलं. तिथंही ओनी नाही!

मी टेबलावर थाप मारली. "बाई, नाहीये! बटाटे सोलणाऱ्यांत नाव नाहीये!"

"हे एवढं आनंदाचं आहे?"

"म्हणजे काय! आज पन्नास वर्षांनी आमचं घराणं स्वयंपाकघरातून बाहेर पडलं!"

त्यांनी चष्मा नाकावर चढवला. "एक सांगू? जो माणूस कुठल्याच रजिस्टरात नाही, तो कदाचित इथं आलाच नसेल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चेहरा पडला असावा माझा, कारण त्या जरा मऊ झाल्या. "पण तुमच्या डोनेगलच्या लोकांचा भरवसा नाही," म्हणाल्या. "माझ्या रजिस्टरांची वाट लावलीये त्यांनी. भावाचं कामाचं कार्ड भाऊ वापरतो, मेव्हण्याचं मेव्हणा. ह्या बोगद्यात एक माणूस मेल्यानंतर चार वर्षं पगार घेत होता, आणि आजारपणाची रजा एकदाही नाही."

मी खूप हसलो. असे लोक असतात आमच्याकडे. आमच्या घरात कुणी नाही म्हणा तसं.

शनिवार, ८ ऑक्टोबर

टर्लोला सांगून मी चूक केली. "कुठंच नाही? म्हणजे सोलायलासुद्धा घेतला नाही?" एवढं म्हणून तो पलंगावरून खाली पडेपर्यंत हसला.

आईला फोन केला. आईचं नाव सेलिन, पण गावात ओनीची सेलिन म्हणूनच ओळखतात. तिला वाटलं होतं मी आजारी आहे.

"काय गं आई, आजोबा स्कॉटलंडला गेले होते ना नक्की?"

"गेले होते म्हणजे? तीन वर्षं होते. घरी पैसे यायचे, पत्रं यायची. बाळा, तू हे कशाला उकरतोयस?"

"दगडावर नाव यायला नको त्यांचं?"

ती म्हणाली, "त्यांनी कधी मागितलं का नाव? सोड ना मॅनस. बटाटे सोलले म्हणून कुणाचं काही अडलं का?"

"आई, तूसुद्धा?"

"आणि त्या कॉन्डीला कशाला बोलावलंय ह्या कंपनीवाल्यांनी? आमंत्रण आल्यापासून धड जेवला नाहीये बिचारा. पबच्या तळघरात पिंप आणायला कधी उतरला नाही तो माणूस, त्याला आता बोगद्यात चालत नेणार म्हणे."

म्हटलं, म्हातारपण. जवानीत पहाड फोडला आणि आता तळघराची भीती वाटते. असं होत असेल.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

आज फार वाईट दिवस.

गेल्या गेल्या इश्बेलबाईंनी एक पुडी पुढे सरकवली. आत करड्या लोकरीचे मोजे. "दफ्तरात थंडी असते," एवढंच म्हणाल्या. मी तिथंच घातले. मग त्यांनी एक पातळ, लाल वही काढली. बोगद्यातल्या अपघातांची. "नावं नाहीत तर जखमा बघा," म्हणाल्या. "रजिस्टर खोटं बोलतं, हात-पाय बोलत नाहीत."

अकराव्या पानावर हे सापडलं, जसंच्या तसं उतरवून आणलंय:

फेब्रुवारी १९५४. सी. शार्की. मीनाडूअन, डोनेगल. खडकाखाली हात सापडला. डाव्या अंगठ्याचं टोक गेलं. त्याच पाळीत परत कामावर.

त्याच पाळीत परत कामावर! मी ते चार वेळा वाचलं. मानलं कॉन्डींना. इतकी वर्षं पबमध्ये पाणी, सुरुंग, सगळं सांगितलं. पण अंगठ्याबद्दल अवाक्षर नाही. याला म्हणतात मोठेपणा. आणि आमचे आजोबा? त्यांच्याही डाव्या अंगठ्याला टोक नव्हतं. ते कसं गेलं, तर स्वयंपाकघरात पाव कापताना. एकाच कँपमधली, एकाच गावची दोन माणसं, एकाच हाताचा एकच अंगठा. एकाचा खडकाखाली गेला, एकाचा पावाच्या सुरीनं. देव तुलना करायला बसला की असा बसतो.

इश्बेलबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी लाल वही मिटली. मग म्हणाल्या, "मॅनस, तुम्ही घरी जा. काहीतरी खा. आणि मग हे तुम्ही मला आत्ता जे सांगितलंत ना, ते स्वतःला एकदा सांगा."

मी चिप्स खाल्ल्या. स्वतःला सांगितलं. आणखीनच वाईट वाटलं.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

डोनेगलची बस चालवणाऱ्या फ्रॅनबरोबर आईला नेहमीच्या पैशांचं पाकीट पाठवलं. आत चिठ्ठी लिहिली नाही. काय लिहिणार?

टर्लोनं पैज जिंकली असं मीच कबूल केलं. रविवारपासून बटाटे माझ्याकडे. तो म्हणाला, "रक्तातच आहे तुझ्या, जमेल."

रविवार, १६ ऑक्टोबर

अंगठ्याला चिंधी बांधली आहे, म्हणून अक्षर असं.

टर्लो फुटबॉल बघायला गेला होता. मी फरशीवर वर्तमानपत्र पसरून बटाटे सोलायला बसलो. पंधरा दिवसांपूर्वीचं, गावाकडचं तेच. नेमकं कॉन्डींच्या फोटोचं पान. मी त्यांच्या तोंडावर सालं पडू नयेत म्हणून पान जरा फिरवलं. जखमी वीराचा मान ठेवायला हवा. फोटोत कॉन्डी पबच्या दारात उभे आहेत, इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही हात वर केलेले, दोन्ही अंगठे आकाशाकडे.

दोन्ही अंगठे.

मी साल बाजूला केलं. पान खिडकीपाशी नेलं. डावा अंगठा टोकापर्यंत शाबूत, नखासकट. नख कापलेलं नीट दिसतंय.

मग मला तो अंगठा दर शनिवारी गॅलसमध्ये अडकलेला दिसायला लागला. माझ्या जन्मापासून. पूर्ण.

आणि सुरी माझ्याच अंगठ्यात गेली.

सी. शार्कीच्या अंगठ्याचं टोक गेलं आणि कॉन्डी शार्कीला दोन्ही अंगठे आहेत. मग बोगद्यात सी. शार्की म्हणून कोण होतं? टोक कुणाला नव्हतं? मी उभा राहिलो. परत खाली बसलो. रक्त बटाट्यांवर गळतंय याचं भान नाही. मग जो ओरडलो, की खालच्या मजल्यावरच्या म्हातारीनं झाडूच्या दांड्यानं छताला ठोकलं. मी तिच्या ठोक्यावर नाचलो. पातेलं घेऊन नाचलो. आजोबा! त्याच पाळीत परत कामावर!

इश्बेलबाईंनी गुरुवारीच ओळखलं होतं. मला चिप्स खायला पाठवलं.

टर्लो आला तेव्हा मी दारामागे, तोंड उघडून तयार होतो. गेल्या सव्वा वर्षाचं व्याज त्या एका वाक्यात होतं. पण त्याच्या हातात पिशवी होती. म्हणाला, "बघ रे, सूट घेतला. आजोबा फीत कापणार, तेव्हा बाजूला बरा दिसायला हवा ना मी." आणि आरशासमोर तो कोट अंगाला लावून बघायला लागला. दुकानाची चिठ्ठी अजून बाहीला लोंबत होती.

माझं तोंड कसं मिटलं कोण जाणे. म्हटलं, आधी कॉन्डींना विचारू. मग टर्लोला चिरडू.

"अंगठ्याला काय झालं?" त्यानं विचारलं.

"बटाटे," मी म्हटलं, आणि हसू आवरेना म्हणून संडासात गेलो.

सोमवार, १७ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत साइटबाहेरच्या फोनवरून कॉन्डींना फोन केला. मनात आणलं असतं तर ते नाकारू शकले असते. मला वाटलं होतं तसंच करतील.

"कॉन्डीकाका, मी ओनीच्या सेलिनचा मॅनस. तुमच्या डाव्या अंगठ्याचं टोक १९५४ साली गेलं, असं कंपनीच्या वहीत लिहिलंय."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज. मग ते म्हणाले, "फार रक्त गेलं होतं म्हणाला होता."

"कोण?"

"कोण काय विचारतोस, गाढवा? तुझा आजोबा."

आणि मग ते थांबलेच नाहीत. कार्ड कॉन्डींचं होतं. वय एकोणीस, कंपनीनं घेतलेलं, सगळं ठरलेलं. डेरी बंदरापर्यंत दोघं बरोबर आले. बोटीवर चढायच्या आधी कॉन्डींचे पाय हलेनात. "समुद्र एक वेळ चालला असता रे. पण त्या बोगद्यातला अंधार मला आदल्या रात्रीपासून दिसत होता." ओनी सोळाचे. सोळाच्या पोराला बोगद्यात घेत नाहीत, आणि त्यांच्या आईनं शपथ घातली होती की जमिनीखाली जायचं नाही. ओनींनी कार्ड घेतलं, आणि घरी कळवलं की स्वयंपाकघरात काम मिळालंय.

"आणि तुम्ही? तीन वर्षं?"

"डेरीत मावशीकडे. शर्टाच्या कारखान्यात." आवाज एकदम बारीक झाला. "कॉलरी इस्त्री करायचो. दोनशे बायका आणि मी."

मी फोनच्या काचेवर डोकं टेकवलं. दोनशे बायका! तो इस्त्रीचा शर्ट!

"हसतोस काय? हात भाजले माझे. परत आल्यावर पबमध्ये सगळे विचारायला लागले, बोगदा कसा होता कॉन्डी? मी काय सांगू? तुझा आजोबा म्हणाला, मी सांगतो तू काय सांगायचं. दर ख्रिसमसला गोठ्यामागच्या भिंतीवर बसून मला एक नवीन गोष्ट सांगायचा. मी ती घोकायचो. गोष्टी त्याच्या, पण सांगायला मला बऱ्या जमायच्या. तोच म्हणायचा तसं."

"आणि बटाटे? ते कशाला दर शनिवारी?"

"तेही त्यानंच सांगितलं. मला सोलणारा म्हण, नाहीतर आईला संशय येईल. मग ती वारली, तोवर सवय झाली होती. अन् तो हसायचा ना कोपऱ्यात बसून. मनापासून हसायचा." थोडा वेळ नुसत्या कोंबड्या. "हसायचा ना रे मॅनस? तू बघितलंयस."

"हसायचे की," मी म्हटलं. फोनकार्डावरचे पैसे संपत आले होते म्हणून घाईनं मुद्द्याचं विचारलं, "दगडावर नाव कुणाचं?"

"विचारतोस काय? मी पत्र लिहितो. शुक्रवारच्या बसनं पाठवतो. पण टर्लोला काही सांगायचं नाही. त्याला मी सांगेन. तिथं येऊन, बोगद्याच्या तोंडाशी, सगळ्यांसमोर."

"तुम्ही येणार? समुद्र ओलांडून?"

"सेलिन हात धरणार असेल तर. डोळे मिटून बसेन. पण आत पाय ठेवणार नाही हं. दारापर्यंत येईन, कात्री सेलिनच्या हातात देईन. आणि तोपर्यंत मॅनस, तू—"

फोन कटला. पण पुढचा शब्द 'सोल' असणार, ते मला कळलं.

मग आईला फोन केला. ती म्हणाली, "बाळा, शब्द तुझ्या आजोबांनी दिला होता. मी कशी मोडणार?" म्हणजे हिलाही माहीत होतं! घरात मी एकटाच अडाणी.

बुधवार, १९ ऑक्टोबर

इश्बेलबाईंकडे जेवणाच्या सुट्टीत पळत जाऊन आलो. त्या म्हणाल्या, नियम म्हणजे नियम; सही केलेलं पत्र, साक्षीदाराच्या सहीसकट, शुक्रवारी पाचच्या आत माझ्या टेबलावर. मी म्हटलं, बस एक वाजता येते. त्या म्हणाल्या, "तुमची बस? ती कधी वेळेवर आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही."

टर्लो साइटवर सगळ्यांना सांगत सुटलाय की मी बटाटे सोलताना गातो.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

बस एक वाजता आली नाही.

मी दाढ दुखते सांगून साइटवरून सटकलो होतो. एक, दोन, तीन. वारा असा की बोटी उशिरा सुटतायत, असं कुणीतरी म्हणालं. चार वाजता मी थांब्यावर येरझारा घालत देवाला सगळं कबूल करून टाकलं, टर्लोच्या मोज्यात मी टाकलेलं मीठसुद्धा. चार वाजून वीस मिनिटांनी बस वळणावर दिसली. मी दार उघडायच्या आतच फ्रॅनला ओरडलो, "पत्र!"

"अरे, आधी माणसं तर उतरू दे! अर्ध्या जणांना ओकाऱ्या होतायत."

"फ्रॅन, पत्र दे, नाहीतर मी ओकेन!"

पत्र घेतलं आणि पळालो. नदीकाठानं, सिग्नल न बघता, काँक्रीटनं जड झालेल्या बुटांनी. दाराशी पाचला सहा कमी. धडकून आत शिरणार, तर इश्बेलबाई दारातच उभ्या, हात घड्याळाकडे.

"बूट," त्या म्हणाल्या.

नाडीची गाठ सुटेना! मी दाराबाहेर फतकल मारून ती दातांनी सोडवली. पाचला दोन कमी असताना करड्या मोज्यांवर घसरत टेबलापाशी पोचलो.

त्यांनी पत्र उघडलं. एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून डोळे पुसले. मला आधी वाटलं रडतायत, पण खांदे हलत होते. मग मला वाचायला दिलं. दोनशे बायकांचा उल्लेख कॉन्डींनी पत्रातही गाळला नव्हता. अक्षर इस्त्री केल्यासारखं सरळ.

"किनवुड कंपनीस. तुमच्या रजिस्टरातला सी. शार्की म्हणजे ओनी बॉनर. मी त्या तीन वर्षांत डेरीला दोनशे बायकांबरोबर कॉलरी इस्त्री करत होतो, त्यातल्या कुणी जिवंत असतील तर विचारा. माझं नाव खोडा, त्याचं घाला. उशीर झाला, त्याबद्दल कंपनीची नव्हे, त्याची माफी मागतो. कॉन्डी शार्की. साक्षीदार: सेलिन, ओनीची मुलगी."

इश्बेलबाईंनी दगड कोरणाऱ्याला तिथल्या तिथं फोन लावला. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अडचण आहे," त्या म्हणाल्या. "नावं इंग्रजी वर्णक्रमानं आहेत. बॉनर अगदी वरती येतात, ते कोरून झाले. मध्ये एक ओळ मावायची नाही. खालचे तेवढे राहिलेत. रिकामी जागा एकच आहे."

"कुठली?"

"शार्की खोडल्यावर उरते ती."

"घाला तिथंच!" मी ओरडलो.

"क्रमाबाहेर दिसेल. लोक विचारतील, हा बॉनर शार्कींमध्ये काय करतोय."

"तीन वर्षं तेच तर करत होते, बाई!"

त्या फोनमध्ये म्हणाल्या, "हो. क्रमाबाहेर. मी जबाबदार." आणि घड्याळाकडे बघून यादी मिटली. पाच वाजून चार मिनिटं झाली होती. त्यांनी नियम मोडला.

घरी जाताना मी तीन रस्ते चाललो, तेव्हा लक्षात आलं की बूट अजून हातातच आहेत.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

टर्लो खोलीच्या दाराला टेकून उभा आहे. अंगात तो सूट, बाहीची चिठ्ठी काढली एकदाची. बारा तारखेसाठी भाषण पाठ करतोय: माझे आजोबा, ज्यांनी ह्या पहाडाला छिद्र पाडलं, वगैरे. मधेच थांबून मला म्हणाला, "जाड सोलतोयस. तुझ्या आजोबांनी असं सोललं असतं तर कँप उपाशी मेला असता."

मी हसलो. पाच मिनिटं हसलो. बटाटा हातातून उडाला आणि पलंगाखाली गेला.

"वेड लागलंय तुला," तो म्हणाला, आणि थोडा चिंतेनं माझ्याजवळ बसला. मग त्यानं दुसरी सुरी घेतली आणि एक बटाटा सोलायला घेतला. पैज त्यानं जिंकलेली असताना. मी त्याला अडवलं नाही.

सोलता सोलता एक कळलं. आजोबा पबमध्ये कसे हसत असतील ते. खोटं नव्हतं ते हसणं. पोटात एवढी मोठी गोष्ट असली की हसू खालून येतं, दाबलं तरी येतं. कॉन्डीकाकांना हे सांगायला हवं. त्या दिवशी फोनवर ते दोनदा का विचारत होते, ते माझ्या आत्ता लक्षात येतंय.

आजच्या पाकिटातल्या चिठ्ठीत तेच लिहिलंय. "कॉन्डीकाका, मनापासून हसायचे. मी सोलून बघितलं." आणि आईला: बसमध्ये त्यांना खिडकीपाशी बसवू नकोस, बोटीत हात सोडू नकोस, आणि त्यांचा शर्ट त्यांनाच इस्त्री करू दे.

फ्रॅन सहाला निघतो. पाकिटात नेहमीचे पन्नास, आईचं येण्या-जाण्याचं तिकीट चाळीस, कॉन्डीकाकांचं चाळीस. एकशे तीस पौंड.